खालचा रंग

"जगन, हे काय लागून राहिलं माझ्या बोटाला?" भिकाबाईनं विचारलं तेव्हा जगन दारात एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. काळा चष्मा कपाळावर सरकवून तिनं उजव्या हाताचं बोट खिडकीच्या उजेडात धरलं होतं, आणि ऑपरेशनच्या आधी जिला ताटातला खडा दिसत नव्हता तिला आता त्या बोटावरचा पिवळा कण दिसत होता. जगन एका पायानं लंगडत तिच्याजवळ गेला. कण वाकडा होता. चंद्रकोरीसारखा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला केसाएवढा बारीक. त्यानं तो ओळखला. "हळदच असंल याडी, दुसरं काय," तो म्हणाला. "हळद अशी वाकडी असती व्हय?" ती म्हणाली. जगननं देव्हाऱ्याकडे पाहिलं. सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं, निरांजनाच्या बाजूला, तळहाताएवढी काळीपिवळी जीप उभी होती. काळं अंग, पिवळं टप, आणि काळ्या बोनेटवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं 'याडी', म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. आज त्या शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरचा वळसा तिथं नव्हता. तिथं फक्त काळं होतं, आणि ते काळं बाकीच्या काळ्यापेक्षा जास्त चमकत होतं, कारण त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता.

दुसरा बूट सापडला. वसमतच्या रस्त्यावरून गुलाबचंद शेठच्या आडतीकडं जाताना ते बोनेट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दोष कुणाचाच नव्हता, किंवा असलाच तर त्याचा होता, क्लिअर न मारल्याचा. रंगवलेल्या गाडीवर शेवटी क्लिअरचा हात मारायचा असतो, बिनरंगाचा, काचेसारखा; तोच खालच्या रंगाला धरून ठेवतो. त्यानं फावल्या वेळात बनवून कपाटात ठेवलेल्या बाकीच्या छोट्या गाड्यांवर, त्या अॅम्बेसेडरवर, त्या हिरव्या मेटॅडोरवर तो होता. जीपवर नव्हता. जीप सुकते न सुकते तोच देवलानं ती उचलून नेली होती, दसरा होता, मोठ्या जीपची पूजा करायची होती आणि मोठ्या जीपच्या डॅशबोर्डवर ही छोटी ठेवायची होती. "क्लिअर राहिलं रे," जगन ओरडला होता. "मार ना मंग नंतर, पळून चालली का ती?" देवला म्हणाला होता. देवला त्याचा मोठा भाऊ. सेनगाव, पुसेगाव, साखरा अशी त्याची काळीपिवळी चालायची. एका दुपारी पुसेगावच्या स्टँडवर त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि मागं बसलेल्या लोकांना वाटलं ड्रायव्हरला डुलकी लागली; गाडी भरेपर्यंत ते आपसात बोलत थांबले. गाडी भरली तेव्हा कुणीतरी खांद्याला हात लावला. मोठी जीप विकली गेली. छोटी परत आली, देवलाच्या चष्म्याच्या घरासोबत आणि एका कंगव्यासोबत, आणि तिसऱ्या दिवशी आईनं ती तसबिरीपुढं ठेवली. तेव्हापासून तिचा नेम. आंघोळ, दिवा, मग तुपाच्या बोटानं हळदीचं पाणी घेऊन बोनेटवर एक ठिपका, त्या अक्षरांवरून बोट, ते बोट कपाळाला, आणि मगच तोंडात घास. डोळ्याच्या ऑपरेशनला वसमतला आली तेव्हा कापडात गुंडाळून जीपही घेऊन आली. दवाखान्यातून सुटल्यावर घरी येईपर्यंत काही खाल्लं नव्हतं, कारण जीप घरी होती. परवा ती साखऱ्याला परत जाणार होती. तिथं तांड्यावर रोज तिचं बोट, रोजचं तूप, रोजची हळद, आणि त्या चार फराट्यांपैकी एक आत्ताच गेला होता. उरलेले किती टिकतील हे जगनला कळत होतं. रंगाचं त्याला कळायचं. आणि ते अक्षर गेलं की देवलाच्या हातचं असं या जगात काही उरणार नव्हतं.

देवलाच्या हातचं. इथं येऊन त्याचं मन अडलं, बैल एखाद्या ओळखीच्या वळणावर उगाच अडतो तसं. कारण आडतीच्या पायऱ्या चढताना त्याला ते अक्षर कसं लिहिलं गेलं ते आठवलं, आणि आठवणीत ब्रश त्याच्या स्वतःच्या हातात होता. तीन केसांचा ब्रश, श्वास रोखलेला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला टेकू. काळ्यावर पिवळा थेंब टेकताना जीव किती बारीक करावा लागतो ते बोटांना अजून आठवत होतं. पण लगेच दुसरंही आठवलं: देवला तांड्यावरच्या वसरीत मांडी घालून बसलाय, जीभ दातांत धरलीय, कपाळावर घाम, आणि त्यानं ब्रश असा धरलाय जसा माणूस पाना धरतो, आणि जगन बाजूला बसून म्हणतोय, "अबे दाबू नको, दाबू नको." दोन्ही खरं वाटत होतं. एक आठवण छोट्या जीपची आणि दुसरी मोठ्या जीपची असेल. मोठ्या जीपच्या बोनेटवरही 'याडी' होतंच, तेच पिवळं, हाताएवढं मोठं. पण मोठ्या जीपवर मांडी घालून कसं लिहिणार? उभं राहून लिहावं लागेल. आणि तीन केसांच्या ब्रशानं हाताएवढं अक्षर कोण लिहितं? म्हणजे दोन्ही आठवणी छोट्याच जीपच्या होत्या, आणि त्या जीपवर नाव एकदाच लिहिलेलं होतं. फोनमध्ये त्या दसऱ्याचा फोटो होता. त्यानं तो हळदीच्या पोत्यावर बसून पाहिला, बोटांनी मोठा केला. देवला हसतोय, हातात छोटी जीप, आणि जीपच्या बोनेटवरून झेंडूच्या फुलांची माळ गेलेली, बरोबर अक्षरांवरून. एकेका फुलानं अख्खं अक्षर झाकलं होतं.

दुपारी तो शाकीरकडं गेला. शाकीर गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचा, शाळेपासूनचा दोस्त, आणि जगनच्या छोट्या गाड्यांची थट्टा करणं हा त्याचा हक्क होता. तो एका बोलेरोच्या दाराला पुट्टी लावत होता. "आओ इंजिनिअर साब, आज काय आणलं? काडेपेटीचा ट्रक?" जगननं खिशातून फोन काढून बोनेटचा फोटो दाखवला. शाकीरनं पुट्टीचा हात पँटीला पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. थट्टा त्याच्या तोंडावरून उतरली. "देवलाभाईची?" "व्हय." "क्लिअर काहून न्हाई मारलं तवाच?" "राहून गेलं." "राहून गेलं," शाकीर म्हणाला, "सगळं राहूनच जातं तुमचं. बराबर. आता मला एक सांग. खाली काय मारलंय?" "अरे, अक्षराचा पिवळा कोणता? तुजा तो पाण्याचा अॅक्रिलिक का देवलाभाईच्या डब्यातला ऑइलपेंट? त्यानं मोठ्या गाडीच्या टपासाठी माझ्याकडूनच डबा नेला व्हता, मला याद आहे." जगन म्हणाला, "त्याच्यानं काय फरक पडतो?" शाकीरनं त्याच्याकडं असं पाहिलं जसं मौलवी कलमा विसरलेल्या माणसाकडं पाहील. "तू विचारून राहिला मला? तूच? पाण्याचा असंल तं वरून लॅकरचं क्लिअर मार, लांबून, हलका हलका, फुस्स, थांब, फुस्स. चहा पिऊस्तोवर सुकतं. अन् ऑइलपेंट असंल तं लॅकरचा डबा जवळ बी नेऊ नको. थिनर खाली उतरंल अन् साल सुटंल." ते जगनला माहीत होतं. त्याची पहिली फियाट तशीच गेली होती. लॅकरचा हात बसला आणि डोळ्यांदेखत तिचं छत भाजल्या वांग्याच्या सालीसारखं गोळा झालं. "मग पाण्याचं क्लिअर लाव, ब्रशनं," शाकीर म्हणाला. "ते गरीब असतं, कोणाला खात न्हाई. दोघांवर बी चालतं. पण तूप-बीप पुसून घे, न्हाईतर धरत न्हाई, अन् एकदा लावलं की आठवडाभर हात लावायचा न्हाई. वरून सुकलं वाटतं, आतून ओलंच राहतं ते." "आठवडाभर न्हाई जमत," जगन म्हणाला. "काहून?" जगनला आईचा नेम सांगता आला नाही. सांगितला असता तर शाकीर हसला नसता, त्याची स्वतःची आई खतीजाबी तसबीहचे मणी फिरवल्याशिवाय पाणी पीत नसे. पण हात लावण्यावर आईचं जेवण अडलंय हे शब्दांत मांडलं की ते लहान वाटलं असतं, आणि ते लहान नव्हतं. "मंग खाली काय मारलंय ते सांग," शाकीर पुन्हा पुट्टीकडं वळत म्हणाला, "वर काय मारायचं ते मी सांगतो. ज्यानं लिवलं त्याला विचार." आणि मग हातातली पट्टी तशीच धरून तो थांबला. "माफ कर यार," तो म्हणाला.

ज्यानं लिवलं त्याला विचार. आडतीवर परत आल्यावर काट्यावर पोती चढत होती, उतरत होती, हळदीची धूळ खिडकीच्या उजेडात उभी राहिली होती, आणि जगन वजनं सांगताना मध्येच थांबत होता. त्याचीच बोटं पिवळी होती, नखांच्या कडा, तळहाताच्या रेघा. या मोसमात वसमतमध्ये ज्याच्या त्याच्या हाताला ती होती, शाळेतल्या मास्तरांच्या, एसटीच्या कंडक्टरच्या. त्याला वाटलं, पिवळं असणं हा काही पुरावा नव्हे. मग त्याला प्रश्न उलटा दिसू लागला. रंग पाण्याचा निघाला तर तो जगनच्या बाटलीतला, म्हणजे अक्षर जगननं लिहिलं. ऑइलपेंट निघाला तर देवलानं. एवढं सोपं. स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा अक्षराच्या पायाशी हलकेच टेकवायचा. पाण्याचा रंग स्पिरिटाला सुटतो, ऑइलपेंट सुटत नाही. म्हणजे क्लिअर निवडायला जी परीक्षा करायची तीच परीक्षा त्याला सांगणार होती की आई इतके दिवस कुणाच्या अक्षराला कपाळ लावत आली. ते त्याला कळायला हवं होतं की नको होतं? पाण्याचा निघाला तर देवलाचं काहीच उरलं नाही, आत्ता, या क्षणी, आधीपासूनच; तो रोज स्वतःच्याच अक्षराकडं भाऊ म्हणून पाहत आला. आणि ऑइलपेंट निघाला तर मग ब्रश धरलेला, श्वास रोखलेला हात कुणाचा? तो माणूस कुठून आला, जो त्याच्या आठवणीत त्याच्या जागी बसून लिहीत होता? त्याला एकदम उकडायला लागलं. गुलाबचंद शेठ म्हणाले, "जगन, तब्येत बराबर न्हाई का?" "बराबर आहे शेठ," तो म्हणाला, आणि पोत्याचं वजन दुसऱ्यांदा सांगितलं.

संध्याकाळी घरी आला तर त्याची बायको रुपा भाकरी थापत होती. "या," ती मान न वळवता म्हणाली, "तुमच्या याडीनं सकाळपासून मला विचारून विचारून खाल्लं, जगनला राग आला का म्हणून. बूट बी नीट न्हाई घातला म्हणे. काय झालं तुमाला?" "काही न्हाई." "काही न्हाई तं तोंड असं काहून? त्या गाडीपाशी जाऊन बसा, तिथंच बोलता तुमी. माझ्यापाशी कुठं." त्यात रोजचाच टोमणा होता आणि रोजच्यापेक्षा थोडी जास्त काळजी. आई बाहेर ओट्यावर खुर्चीत बसली होती. जगन आत गेला, जीप खाली घेतली, खिडकीपाशी बसला. स्पिरिट, कापूस. पहिल्या अक्षराच्या अगदी पायाशी, जिथं रेघ संपते, त्यानं बोळा टेकवला, धरला, उचलला. बोळा पिवळा झाला. पाण्याचा, त्याच्या मनानं म्हटलं. पण तो पिवळा कसला? रंगाचा की हळदीचा? त्या बोनेटवर कितीतरी सकाळींची हळद बसलेली होती, तुपात मुरलेली, अक्षरांच्या कडांना चिकटून. तो उठला आणि मोरीतून साबणाचं पाणी वाटीत घेऊन आला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे या गावात लेकराला कळतं. रुपा त्याचे सदरे धुते तेव्हा बादलीत दर वेळी जखम झाल्यासारखं दिसतं. रंग लाल होत नाही. रंग पिवळाच राहतो. त्यानं साबणाचा एक थेंब बोळ्यावर सोडला. मधोमध बोळा लाल झाला, कुंकवासारखा, आणि तो लाल पसरत कडेपर्यंत गेला, आणि कडेला एक बारीक पिवळी रेघ उरली. जगन वाट पाहत राहिला. तिथपर्यंत साबण पोचला नव्हता का? त्यानं अजून एक थेंब टाकला. रेघ अर्धी लाल झाली, अर्धी झाली नाही. त्यानं दुसरा बोळा घेतला, दुसऱ्या अक्षराच्या पायाशी टेकवला. तेच. लाल, आणि कडेला काहीतरी जे लाल होत नव्हतं किंवा अजून झालं नव्हतं. बाहेर उजेड कमी होत होता, आणि त्या उजेडात पिवळं आणि लाल यांच्यामध्ये नक्की काय असतं ते त्याला सांगता येईना. आणि मग, इतक्या उशिरा, त्याला सुचलं की परीक्षा नीट लागली असती तरी काय कळलं असतं? देवला त्याच्या बाटलीत ब्रश बुडवू शकत होता. तो देवलाच्या डब्यात. दोघं एकाच वसरीत बसले होते, दोन्ही डबे उघडे होते. रंग कुणाचा ते कळलं असतं, हात कुणाचा ते रंगानं कधीच सांगितलं नसतं. दिवसभर तो एका अशा दाराला धक्के देत होता ज्याच्या मागं खोलीच नव्हती.

"याडी," त्यानं बाहेर येऊन विचारलं. विचारायचं नाही असं सकाळपासून ठरवलं होतं, तरी विचारलं. "गाडीवरचं नाव कोणी लिवलं व्हतं? देवलानं का म्या?" आईनं मान वर केली. काळ्या चष्म्यात त्याला स्वतःचीच दोन छोटी तोंडं दिसली. "मला काय ठावं," ती म्हणाली. "मी चुलीपाशी व्हते. तुमी दोघं वसरीत, डोक्याला डोकं लावून. मला पाठीच दिसत व्हत्या. हसून राहिले व्हते कशाला तरी." "पण कोण लिवून राहिला व्हता?" "आरं, पाठ लिवती का?" ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर तिला थोडं हसू आलं. मग ती थांबली, हात मांडीवर एकावर एक ठेवून, जणू आठवण घरंगळून जाईल. "मंग दोघं बी उठले अन् गाडी घेऊन आले माझ्यापाशी. देवल्या म्हणला, हे तुजं नाव हाय याडी. तू म्हणला, हे तुजं नाव हाय. एका टायमालाच म्हणले. मला वाचता कुठं येतं. मी म्हणलं, असंल." जगन तिच्या पायाशी ओट्यावर बसला. त्याला ते आठवत नव्हतं. एका टायमाला बोललेलं आठवत नव्हतं, चुलीचा धूर आठवत नव्हता, हसणंही नाही. "का रं?" ती म्हणाली. "निघून चाललंय ते," तो म्हणाला. "सकाळी तुझ्या बोटाला लागली ती हळद नव्हती. नावाचा तुकडा व्हता." "ते मला कळलं की," भिकाबाई म्हणाली. तिनं पदराची गाठ पुढं घेतली, बोटांनी चाचपून हळूहळू सोडली. सुपारीच्या खांडाशेजारी, कागदाच्या चिटोऱ्यात, तो वाकडा पिवळा कण होता. "टाकून देत असतेत व्हय?"

तो चिटोरा घेऊन जगन आत गेला. रुपानं न विचारता बल्ब लावला. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ चिंधीनं त्यानं बोनेट पुसलं, अक्षरांच्या बाजूबाजूनं, अक्षरांवरून फक्त ओली हवा गेल्यासारखी. चिंधी लाल झाली, पुन्हा लाल झाली, मग फिकट. सगळी हळद निघाली नाही. कडांमध्ये थोडी राहिलीच, ती त्यानं राहू दिली. मग कोरड्या कापडानं टिपलं, फुंकर न घालता, कारण फुंकरीत थुंकी असते. कपाटातून त्यानं लॅकरचा डबा बाहेर काढला, झाकणाकडं पाहिलं, परत ठेवला. मागच्या कोपऱ्यातून पाण्याच्या क्लिअरची बाटली काढली. ते गरीब असतं, कोणाला खात नाही. खाली काय आहे ते न कळताही ज्याचं चालेल असं ते एकच होतं. बाटली हलवली नाही, बुडबुडे येतात. नुसती उलटी-सुलटी केली. रुंद मऊ ब्रश भिजवून झटकला आणि बोनेटवर पहिला हात फिरवला, एका दिशेनं, परत न फिरवता. दुधासारखा ढग अक्षरांवर पसरला आणि क्षणभर अक्षरं धूसर झाली, पण या क्लिअरचं असंच असतं, ओलं असताना पांढरं. मग चिमट्यानं त्यानं तो वाकडा कण उचलला. श्वास रोखला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला टेकू. कण ओल्यात टेकला. पहिल्यासारखा नेमका बसला नाही, जरा डावीकडं कलला. त्यानं तो सरळ करायला चिमटा पुढं नेला आणि मागं घेतला. ब्रशची दांडी धरताना त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला क्लिअर लागलं होतं, चिकट, थंड.

रात्रीची भाकर झाकून ठेवावी तशी त्यानं जीप तसबिरीखालीच एका डब्याच्या झाकणाखाली ठेवली. सकाळी बोनेटवर दुसरा पातळ हात मारला. मग आई आंघोळ करून, दिवा लावून देव्हाऱ्यापुढं आली. हळदीचं पाणी वाटीत तयार होतं. तिनं बोट बुडवलं, पुढं केलं आणि जगन म्हणाला, "याडी, थांब. हात न्हाई लावायचा. आठवडाभर. आतून ओलं असतं." तिचं बोट हवेत राहिलं. त्यावरून एक पिवळा थेंब पाटावर पडला. रुपा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात ताट, ताटात अजून काही वाढलेलं नाही. "मंग याडी जेवायच्या कशा?" ती म्हणाली, आणि हा प्रश्न जगननं कालपासून स्वतःशी नेमका या शब्दांत एकदाही विचारला नव्हता हे त्याला आत्ता कळलं. भिकाबाईनं जीपकडं पाहिलं, तिच्या नव्या डोळ्यानं, खूप वेळ. नाव पुरं झालं होतं, जरा वाकडं. मग तिनं जगनचा उजवा हात धरला. त्याचं बोट उलटं करून पाहिलं. काल लागलेलं क्लिअर त्यानं धुतलं होतं तरी थोडं पापुद्र्यासारखं राहिलं होतं, नखाच्या कडेला, आणि त्याच्या खाली आडतीची हळद अडकलेली, काचेखाली असल्यासारखी.

"ह्याला तं लागलं ना ते?" तिनं विचारलं.

"लागलं," तो म्हणाला.

तिनं आपलं हळदीचं बोट त्याच्या बोटावरून ओढलं, अक्षरांवरून ओढायची तसं, डावीकडून उजवीकडं, आणि शेवटी वर एक वळसा. मग ते कपाळाला लावलं. जगनला आपल्या बोटावर कुणीतरी काहीतरी लिहितंय असं वाटलं, आणि लिहिणारा हात ओळखीचा होता, पण कुणाचा ते त्याला सांगता आलं नसतं.

"रुपा, वाढ," भिकाबाई म्हणाली. "अन् आठ दिवस हे पोरगं सकाळी घराबाहेर जाऊ देऊ नको, माझं जेवण व्हईस्तोवर. साखऱ्याला मंग जाईन."